वेगळेपणाची ओळख : अल्बेरुनीचे ‘किताब-उल-हिंद’

इस्लामी परंपरेतील परधर्मविषयक औदार्याचा विषय निघाला, की आपल्याकडचे वक्ते आणि लेखक ठरलेल्या वाटेने जातात. अकबराचा इबादतखाना, मग दारा शुकोहची उपनिषदे आणि शेवटी सर्व धर्मांचे सार एकच, हा समारोप. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धांत मी हा समारोप इतक्या वेळा ऐकला आहे, की पहिल्या वाक्यावरूनच शेवटचे वाक्य सांगता यावे. मुलांचा त्यात दोष नाही. भाषणे आपणच त्यांना लिहून देतो. पण या रुळलेल्या वाटेवर एक मोठे पुस्तक बाजूला राहून जाते. दाराच्या आधी सव्वासहाशे वर्षे ते लिहिले गेले. सगळे एकच, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट हिंदू आणि मुसलमान यांच्यांत जवळजवळ प्रत्येक बाबतीत अंतर आहे, असे पहिल्याच प्रकरणात बजावलेले आहे. आणि तरीही, माझ्या मते त्यामुळेच, परधर्मीयाला इतका न्याय देणारे दुसरे पुस्तक मध्ययुगात शोधूनही फारसे सापडत नाही. अबू रैहान अल्बेरुनीचे ‘किताब-उल-हिंद’ हे ते पुस्तक.

ग्रंथकर्त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. अल्बेरुनीचा जन्म ९७३ साली ख्वारिज्ममध्ये, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात झाला. गणित, ज्योतिष, भूगोल, औषधी, कालगणना यांपैकी कोणत्या विषयात तो मोठा होता, हे ठरवणे अवघड आहे. १०१७ साली गझनीच्या महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांना आपल्या राजधानीत नेले. अल्बेरुनी त्यांत होता. त्याला कैदी म्हणा, ओलीस म्हणा किंवा दरबारी ज्योतिषी म्हणा. महमुदाच्या स्वाऱ्यांमुळे पंजाबचे दार उघडले आणि त्याच दाराने हा माणूस आत आला, पण त्याला हवे होते ते वेगळे. चाळिशी उलटल्यावर त्याने संस्कृतचा अभ्यास आरंभला. सांख्यावरचा एक ग्रंथ आणि पतंजलीचे योगशास्त्र त्याने अरबीत आणले. १०३० च्या सुमारास, महमुद वारला त्याच वर्षाच्या आसपास, हिंदुस्थानावरचा हा ऐंशी प्रकरणांचा ग्रंथ त्याने पुरा केला. ग्रंथाचे पूर्ण नाव लांबलचक आणि यमकबद्ध आहे. त्याचा आशय असा, की हिंदूंच्या म्हणण्यापैकी बुद्धीला पटणारे आणि न पटणारे, दोन्हींची शहानिशा. न पटणारेसुद्धा गाळायचे नाही, हे नावातच आले. एडवर्ड झाखाउ या जर्मन पंडिताने मूळ अरबी संहिता १८८७ साली आणि इंग्रजी भाषांतर १८८८ साली प्रसिद्ध केले. माझे वाचन त्या दोन खंडांच्या भाषांतरावरचे आहे.

प्रस्तावनेत एक प्रसंग आहे आणि सारा ग्रंथ त्यातून उगवला आहे. अबू सहल नावाच्या एका विद्वानाशी अल्बेरुनीची चर्चा चालली होती. मुतझिला हा इस्लाममधलाच एक पंथ. त्या पंथाविषयी कोणा विरोधकाने लिहिलेल्या पुस्तकात त्यांचे मत मोडूनतोडून मांडलेले होते आणि अबू सहल त्यावर चिडला होता. बोलता बोलता गोष्ट हिंदूंवर आली. स्वधर्मातल्या पंथाविषयी लोक असे लिहितात, तर दूरच्या धर्माविषयी काय लिहीत असतील? त्यावेळी उपलब्ध असलेली पुस्तके ऐकीव, एकमेकांवरून उतरवलेली होती. अबू सहलने आग्रह धरला, की तूच लिही. अल्बेरुनीने होकार दिला आणि आपली अट सांगून ठेवली : हे वादविवादाचे पुस्तक नव्हे. विरोधकाची मते खोडण्यासाठी ती आधी मांडायची, असला प्रकार येथे होणार नाही. हिंदूंचे म्हणणे त्यांच्या शब्दांत द्यायचे आणि त्याच्या शेजारी ग्रीकांचे ठेवायचे.

परधर्मीयाविषयीच्या न्यायबुद्धीची सुरुवात घरातल्या भांडणापासून झाली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जो माणूस आपल्याच धर्मातल्या विरोधी पंथाचे म्हणणे सरळ सांगू शकत नाही, तो दुसऱ्या धर्माचे काय सांगणार? सहिष्णुतेची परीक्षा आपण नेहमी दूरच्या माणसावर घेतो. शेजारच्या गल्लीतल्या स्वधर्मीयावर घेत नाही. असो.

पहिले प्रकरण अडथळ्यांचे आहे आणि पहिला अडथळा भाषेचा. संस्कृतमध्ये एकाच वस्तूला अनेक नावे आणि एकाच नावाला अनेक वस्तू, त्यामुळे संदर्भाशिवाय अर्थ लागत नाही. काही उच्चार अरबी जिभेला जमत नाहीत. नकलनवीस बेफिकीर, त्यामुळे एकदोन प्रतींनंतर ग्रंथाचे रूपच बदलते. त्यातून शास्त्रसुद्धा पद्यात. वृत्त सांभाळण्यासाठी भरीचे शब्द घालावे लागतात. आपल्यासारख्या दुभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्याला ही तक्रार वेगळी समजावून सांगायला नको. आपण मराठीत ‘अनुमान’ म्हणतो ते तर्काने काढलेला निष्कर्ष या अर्थी. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी तोच शब्द संशय होऊन येतो. ‘अवसर’ आपल्याकडे संधी, त्याच्याकडे घाई. शब्द दोघांचा, अक्षरे तीच, आणि म्हणूनच गैरसमज अधिक. शब्द सर्वस्वी परका असता, तर आपण निदान विचारले तरी असते.

अल्बेरुनीने हीच गोष्ट धर्माच्या शब्दांना लावली आहे आणि ग्रंथातला सर्वांत सूक्ष्म भाग मला हाच वाटतो. तो म्हणतो, की एका भाषेत सहज चालणारा शब्द दुसरीत पाखंड ठरतो. ग्रीक लोक कोणत्याही थोर, पवित्र वस्तूला देव म्हणत. अरबीत ‘अल्लाह’ हा शब्द तसा वापरताच येत नाही. ईश्वराला पिता म्हणणे मुसलमानाला सहन होणार नाही. पण इतर काही भाषांत पिता आणि पुत्र हे शब्द जन्मदात्याच्या अर्थाने नव्हे, तर धनी आणि त्याचा माणूस अशा अर्थानेही येतात, याकडे तो लक्ष वेधतो. मग हिंदूंच्या देवांची गोष्ट आली, की वाचकाने लगेच कानांवर हात ठेवू नयेत, एवढी तयारी त्याने करून ठेवलेली असते. श्रद्धेचा न्याय करण्याआधी भाषांतराचा न्याय करा, असा हा क्रम आहे.

हिंदूंच्या ईश्वरकल्पनेविषयी लिहिताना तो सुशिक्षित आणि सामान्य असे दोन भाग करतो. जाणते हिंदू एका, अनादी, अनंत ईश्वराला मानतात, हे तो गीता आणि पातंजल यांच्या आधारे दाखवतो. सामान्यांच्या कल्पना मात्र भोळ्या आणि कधीकधी हास्यास्पद आहेत, असेही म्हणतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. तसल्या कल्पना मुसलमानांतही आहेत, हे त्याच ओघात सांगून टाकतो. मूर्तिपूजेच्या प्रकरणात तर कमालच केली आहे. सामान्य माणसाचे मन दिसणाऱ्या वस्तूकडे ओढ घेते, असे सांगून तो आपल्या मुसलमान वाचकाला एक कल्पना करायला लावतो : एखाद्या अशिक्षित स्त्रीपुरुषापुढे पैगंबरांचे किंवा मक्केचे आणि काबाचे चित्र धरा, आनंदाच्या भरात ते त्याचे चुंबन घेतील, गाल घासतील, जणू यात्राच घडली. मूर्ती याच ओढीतून जन्मल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. मूर्तिपूजा त्याला मान्य नाही. तरीही मूर्तिपूजकाच्या मनाची हालचाल समजावून देण्यासाठी त्याने दृष्टान्त निवडला तो काबाचा. गझनीत बसून, मूर्तिभंजक म्हणून मिरवणाऱ्या सुलतानाच्या राजधानीत हे वाक्य लिहिले गेले, हे ध्यानात घ्यावे. ठाणेश्वरची चक्रस्वामीची मूर्ती त्यावेळी गझनीच्या घोडदौडीच्या मैदानात पडलेली होती, ही नोंदही त्याच प्रकरणात आहे.

महमुदाविषयी तो काय म्हणतो? रीतीप्रमाणे सुलतानासाठी दुवा मागतो आणि पुढच्याच वाक्यांत लिहितो, की त्याने या देशाची भरभराट मोडली, हिंदू धुळीच्या कणांसारखे उधळले गेले आणि उरले त्यांच्या मनात मुसलमानांविषयी तीव्र तिरस्कार बसला; त्यांच्या विद्याही काश्मीर, काशी अशा आमचा हात न पोचणाऱ्या ठिकाणी निघून गेल्या. विजेत्याच्या बाजूचा माणूस पराभूताच्या तिरस्काराचे कारण सांगतो आणि ते आपल्याच बाजूला सापडते. मात्र हिंदूंनाही तो सोडत नाही. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत, आपल्यासारखे शास्त्र नाही, ही त्यांची समजूत त्याला खुपते. त्यांचे पूर्वज इतके कोत्या मनाचे नव्हते, असे म्हणून तो वराहमिहिराची साक्ष काढतो. यवन म्लेच्छ असले तरी शास्त्रातील अधिकारामुळे त्यांना मान द्यावा, असे वराहमिहिराचे मत होते. आपल्याला हे टोचते. टोचावे असेच आहे.

त्याच प्रकरणात त्याचा मिश्किलपणाही दिसतो. सगर राजाची एक कथा त्याला ऐकवण्यात आली : पश्चिमेकडच्या शत्रूंचा सूड घेतल्यावर उरलेल्यांना त्याने अपमान म्हणून एक विशिष्ट पोशाख घालायला लावला, आणि तोच म्हणे मुसलमानांचा आजचा पोशाख! अल्बेरुनी चिडत नाही. त्याने आम्हाला हिंदूंचा पोशाख आणि चालीरीती घ्यायला लावल्या नाहीत, याबद्दल मी मनोमन आभार मानले, असे सांगून मोकळा होतो. पुढे हिंदूंच्या विचित्र वाटणाऱ्या चालींची एक लांब यादी आहे. ती वाचताना वाटते, आता हा थट्टा करणार. तोच तो इस्लामपूर्व अरबांच्या चालींकडे बोट दाखवतो.

पुनर्जन्माच्या प्रकरणाचा आरंभही याच वळणाचा आहे. मुसलमानाची खूण कलमा, ख्रिस्त्याची त्रैक्य, यहुद्याची शब्बाथ, तशी हिंदूची खूण पुनर्जन्म, असे तो सांगतो. चार धर्म, चार खुणा, एका ओळीत. कोणतीही दुसरीत मिसळलेली नाही. पुनर्जन्म त्याला मान्य असणे शक्य नव्हते. तरी प्रकरणभर तो कृष्णार्जुनांना बोलू देतो आणि मग ग्रीक तत्त्वज्ञ व सूफी यांची मते शेजारी मांडतो.

जातिव्यवस्थेवर तो लिहितो, तेव्हा मात्र तटस्थपणाच्या आडून त्याचे स्वतःचे मत स्पष्ट बाहेर येते. चार वर्ण, त्यांखालचे आठ व्यवसायांचे अंत्यज, त्यांच्याही बाहेर ठेवलेले डोंब, चांडाळ, अशी तपशीलवार माहिती देऊन तो म्हणतो, की धर्मनिष्ठा सोडली तर आम्ही सर्व माणसांना समान मानतो, आणि दोन समाज जवळ येण्यात सर्वांत मोठी अडचण हीच आहे. त्याच्या काळच्या मुसलमान समाजात गुलाम होते, उच्चनीच होते. तेव्हा हे वाक्य त्याच्या समाजाचे वर्णन म्हणून कच्चे आहे. आपल्या समाजाचे निदान म्हणून मात्र ते पक्के आहे. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांत अल्बेरुनी का येत नाही, याचे एक कारण मला येथे दिसते. तो पाहुणा म्हणून जेवायला बसतो आणि स्वयंपाकघरातली अडचण बोलून दाखवतो.

येथे कोणी म्हणेल, की सहजीवनासाठी एवढ्या ज्ञानाची गरज काय? कायद्याने भागत नाही का? इस्लामी राजवटींत कायद्याची वाट होतीच. यहुदी आणि ख्रिस्ती हे ग्रंथधारी. कर भरावा, संरक्षण घ्यावे आणि आपला धर्म पाळावा. आठव्या शतकाच्या आरंभी सिंध जिंकणाऱ्या मुहंमद बिन कासिमने तिथली देवळे ख्रिस्त्यांच्या, यहुद्यांच्या आणि अग्निपूजकांच्या प्रार्थनास्थळांसारखीच मानली, असे नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी लिहितो. ही मोठी गोष्ट होती, ती लहान करू नये. पण तिची दुसरी बाजू अल्बेरुनीनेच नोंदवली आहे. मुलतानच्या सूर्यमूर्तीमुळे यात्रेकरू येतात आणि शहराला पैसा मिळतो, हे कळल्यावर बिन कासिमने मूर्ती जागेवर ठेवली. मात्र तिच्या गळ्यात गोमांस अडकवले. पुढे करामती पंथाचे लोक सत्तेवर आले आणि त्यांनी ती फोडली. उत्पन्न आहे तोवर मूर्ती राहते, राज्यकर्ता बदलला की जाते. अल्बेरुनी हे सगळे भाष्य न करता लिहितो. मला त्यातून एवढे दिसते, की कायद्याने शेजारी राहता येते, पण शेजारचा माणूस काय मानतो हे जाणून घेण्याची गरज कायदा निर्माण करीत नाही. कुराणाच्या ४९ व्या अध्यायातील १३ व्या वचनात, मानवांची राष्ट्रे आणि टोळ्या केल्या त्या परस्परांची ओळख व्हावी म्हणून, असा आशय आहे. आपल्या भागातल्या दखनीत ओळख करून देण्याला ‘तआरुफ’ म्हणतात, तो शब्द मूळ वचनातल्या क्रियापदाच्याच धातूचा आहे. ओळख करून घ्यायला आधी दोघे वेगळे असावे लागतात.

आता दारा शुकोह. त्याच्याविषयी कोणाही सहृदय वाचकाला प्रेमच वाटेल, मलाही वाटते. १६५५ च्या सुमारास त्याने ‘मजमा-उल-बहरैन’ लिहिला. दोन समुद्रांचा संगम, हे नाव कुराणातल्या मूसाच्या प्रवासकथेतून घेतलेले. १६५७ साली काशीच्या पंडितांच्या साहाय्याने पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर पुरे झाले. त्याच फारसीवरून आंक्तिल द्युपेराँ याने १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर काढले आणि ते शोपेनहौएरच्या टेबलावर पोचले. अल्बेरुनीच्या ग्रंथाला असे भाग्य लाभले नाही. चौदाव्या शतकात इराणच्या रशीदुद्दीनने त्याचा उपयोग केला, पण एरवी तो शतकानुशतके फारसा वाचला गेला नाही.

तरीही ‘मजमा-उल-बहरैन’ हाती घेतले, की शंका येऊ लागते. पुस्तक लहान आहे. पद्धत जोड्या लावण्याची. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्राईल, मिकाईल, इस्राफील. महाप्रलय म्हणजे कयामत. जोड्या चटचट लागतात आणि प्रत्येक जोडीबरोबर दोन्ही बाजूंचे काहीतरी गळून पडते. विष्णूच्या भक्ताला तो देवदूत आहे हे पटेल काय? आणि मिकाईलला मानणाऱ्याला? उपनिषदांच्या प्रस्तावनेत तर दारा म्हणतो, की कुराणात उल्लेखिलेला गुप्त ग्रंथ म्हणजे हीच उपनिषदे. यात त्याची भक्ती दिसते, पण उपनिषदांना मान मिळतो तो त्यांत कुराणाचे रहस्य आहे म्हणून. ती काही वेगळेच सांगत असतील, तर त्यांचे काय करायचे? दाराकडे या प्रश्नाला जागा नाही. १६५९ साली त्याला ठार केले, ते वारसायुद्धात हरला म्हणून. धर्मभ्रष्टतेचा आरोप सोयीचा ठरला. त्याच्या मरणाने त्याच्या पुस्तकाला एक तेज चढले आहे आणि आपण पुस्तकाऐवजी ते तेजच वाचत असतो.

आपल्या मराठीत या बाबतीत एकनाथांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे प्रकरण आहे. ते अल्बेरुनीच्या बाजूला जास्त झुकते, असे मला वाटते. त्यात दोघे आधी कडकडून भांडतात, एकमेकांच्या ग्रंथांतील विसंगती काढतात, कोणी काही गिळून टाकत नाही. समेट होतो तो सगळे बोलून झाल्यावर.

अल्बेरुनीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्याचा हिंदुस्थान मुख्यतः ग्रंथांचा आणि पंडितांचा आहे. काशी आणि काश्मीर त्याने पाहिले नाही. बौद्धांविषयी सांगणारा माणूसच भेटला नाही, असे तो लिहितो. जाणते आणि अडाणी ही त्याची वाटणी फार सोयीची आहे. देवळात जाणाऱ्या बाईला काही विचार असेल, हे त्याच्या मनात येत नाही. त्यातला तुच्छभाव हिंदू आणि मुसलमान दोघांना सारखा मिळतो, एवढेच समाधान. शिवाय स्वतःच्या विद्वत्तेचा त्याला मोठा अभिमान. आपण आधी इथल्या ज्योतिष्यांपुढे शिष्यासारखे बसलो, मग त्यांना उपपत्ती समजावू लागलो, तेव्हा ते भोवती जमून कोणत्या हिंदू गुरूकडे शिकलात असे विचारू लागले, हे तो चवीने सांगतो. झेलमजवळच्या नंदना किल्ल्यावर पृथ्वीची त्रिज्या मोजणाऱ्याला एवढे माफ करता येते.

पण त्याच पहिल्या भागात, संस्कृत पद्याला नावे ठेवता ठेवता, तो सहज एक गोष्ट सांगून जातो. सध्या मी स्वतःच श्लोकरचनेचा सराव करीत आहे, कारण युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हिंदूंसाठी संस्कृतात उतरवायचे काम चालले आहे, आणि यंत्रराज कसा करावा हेही त्यांना लिहून देत आहे. महमुदाच्या फौजांच्या मागून आलेला, पन्नाशी ओलांडलेला ख्वारिज्मी पंडित अनुष्टुभाची अक्षरे मोजत बसला आहे, हे चित्र मला अकबराच्या दरबारातल्या कोणत्याही चित्रापेक्षा अधिक आवडते. त्या श्लोकांपैकी एकही आज उपलब्ध नाही.